दहावी, मार्चअखेर आणि बालसंगोपन रजेचे छत्तीस दिवस

मी शासकीय कार्यालयात लेखा शाखेत आहे. घर कराडला, नोकरी साताऱ्याला. थोरली मुलगी २०२४-२५ साली दहावीला होती, धाकटा चौथीत. हे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला की चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार अशा पाळ्यांत माणूस घरात असतो की नसतो तेच कळत नाही. या सगळ्यात मी बालसंगोपन रजा कशी मागितली, कशी मिळाली आणि मिळाल्यावर काय झालं ते लिहून ठेवते. रजा आहे हे माहीत असूनही न मागणाऱ्या बायका माझ्याच कार्यालयात सहा-सात आहेत. मीही त्यांतलीच होते.

सुरुवात २० नोव्हेंबर २०२४ ला झाली. विधानसभेचं मतदान. माझी ड्यूटी पाटण मतदारसंघात, डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत. मॉक पोल पहाटे साडेपाचला, म्हणून आदल्या रात्री तिथेच मुक्काम. सकाळपासून रांग होती, फोन पिशवीत आवाज बंद करून ठेवलेला. दुपारी दीड वाजता जरा उसंत मिळाली म्हणून पाहिलं तर नऊ मिस्ड कॉल. सासूबाई सकाळी सातला न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. हे बाराच्या पाळीला जायच्या तयारीत होते, नशिबाने घरी होते. केंद्राध्यक्षांना सांगितलं. माणूस भला, पण त्यांच्या हातात काय होतं? म्हणाले, "मॅडम, सहापर्यंत कळ काढा." सहाला मतदान संपलं, मग यंत्रं सील करणं, साहित्य जमा करणं. घरी पोचले तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं, साधारण पावणेदोन लाखांचा खर्च आला. (वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाइल हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख लिहायला ती फाइल आधी संपली पाहिजे.) माझ्या आठ किरकोळ रजांपैकी दोनच उरल्या होत्या. त्या गेल्या, वर नऊ दिवस अर्जित, म्हणजे साठवलेली पगारी रजा गेली.

आमचं घर सासूबाईंवर चालत होतं, हे त्या पडल्यावर कळलं. मी पहाटे पावणेपाचला उठून चपात्या लाटायचे, कोरड्यास करायचे, चार डबे भरायचे आणि सातची एसटी धरायचे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे खिशाला बरं आहे. पण महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्याने मलकापूर, उंब्रज, नागठाणे असं कुठेही गाडी अडकते. पावणेदहाचा हजेरीपट गाठायचा म्हणजे सातचीच गाडी हवी. संध्याकाळी सव्वासहाला सुटून घरी आठ. मधल्या तेरा तासांत धाकट्याला शाळेच्या रिक्षात बसवणं, थोरली क्लासवरून आली की तिच्यापुढे काहीतरी गरम ठेवणं, गॅसवाला, दूधवाला, पाहुणारावळा असं सगळं सासूबाई बघायच्या. आता त्याच वॉकरवर. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशी एक मावशी लावली, महिना ११,००० रुपये. मावशी चांगल्या होत्या, पण त्या सासूबाईंसाठी होत्या. मुलं आपापली.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थोरलीची पहिली सराव परीक्षा झाली. बीजगणिताच्या पेपरनंतर तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. मी तेव्हा कोषागारात रांगेत होते. बाई म्हणाल्या, तिने अर्धा पेपर कोरा सोडलाय आणि विचारलं तर रडते. रात्री तिचा पेपर बघितला. पहिली दोन पानं छान सोडवलेली. तिसऱ्या पानावर एक उदाहरण अर्ध्यात, त्याखाली तेच उदाहरण पुन्हा पहिल्या ओळीपासून, मग त्याखाली तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा उत्तर बरोबर दिशेला चाललेलं. तिन्ही वेळा खोडलेलं, शेवटच्या वेळी इतकं जोरात की कागद फाटला होता. "येत होतं की तुला," म्हटलं. तर म्हणाली, "हात थरथरायला लागला, मग वाटलं चुकलंच असणार." तिला रात्री झोप लागत नव्हती. हे मला बाहेरच्या माणसाकडून कळावं, याचं मला फार लागलं.

त्या रात्री मी आणि ह्यांनी बसून हिशेब केला. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ह्यांना रजा मिळणं शक्य नव्हतं. माझ्याकडे अर्जित रजा शिल्लक होती, पण सासूबाईंचं पुढे काय होईल ते माहीत नसताना ती सगळी संपवायची छाती होईना. तेव्हा बालसंगोपन रजा आठवली.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात. राज्याच्या वित्त विभागाचा २३ जुलै २०१८ चा शासन निर्णय आहे. महिला कर्मचाऱ्याला पूर्ण सेवेत १८० दिवस ही रजा मिळते, पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने, आणि ती टप्प्याटप्प्याने घेता येते. रजेवर जाण्याआधी जितका पगार, तितकंच रजावेतन. पुरुष कर्मचाऱ्याला मात्र पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच. हे वाचून ह्यांनी "म्हणजे तू धडधाकट आहेस तोवर बाप म्हणून आम्ही बिनकामाचे" असा शेरा मारला. ते खाजगीत आहेत, त्यांना तशीही लागू नाही, पण शेरा खोटा नव्हता.

सोमवारी, ६ जानेवारीला आस्थापना शाखेत गेले. तिथल्या मॅडम माझ्या ओळखीच्या. म्हणाल्या, "ती लहान बाळांसाठी असते हो. दहावीची मुलगी म्हणजे काय बाळ आहे का?" मुख्य लिपिक भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, "मार्चअखेरला रजा? लेखा शाखेतून?" आणि हसले. वाईट हेतूने नव्हे, आपण लग्नात जसं हसतो तसं. मी परत येऊन टेबलावर बसले. त्या दिवशी विषय सोडून देणार होते.

मग दुपारी शासनाच्या संकेतस्थळावरून तो निर्णय उतरवून घेतला. विभागात वित्त विभाग निवडायचा आणि तारीख टाकायची, लगेच सापडतो. शासन निर्णयाच्या संकेतांकाचा लांबलचक आकडा वर्ष-महिना-दिवस असाच सुरू होतो, त्यामुळे आपल्याकडे आलेली प्रत योग्य आहे का ते त्यावरून ताडून बघता येतं. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रती घेऊन जाऊ नका, त्यांत कधी पान गळलेलं असतं, कधी दुसऱ्याच रजेचा निर्णय असतो. दोन प्रती काढल्या. "१८ वर्षे" या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एक प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. वाद घातला नाही.

१० जानेवारीला, शुक्रवारी, अर्ज दिला. रजेचा विहित नमुना, सोबत मुलीचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड, शिधापत्रिकेची झेरॉक्स, शासन निर्णयाची प्रत. झेरॉक्स-प्रिंटचे मिळून ६४ रुपये. रजा मागितली १० फेब्रुवारी ते १७ मार्च. दहावीचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला आणि शेवटचा १७ मार्चला, म्हणून. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर मी जास्त वेळ घालवला. सासूबाईंचं लिहावं का? पण ही रजा अपत्याच्या संगोपनासाठी आहे. सासू-सासऱ्यांच्या किंवा आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी अशी वेगळी पगारी रजा आम्हाला नाही. शेवटी खरं आणि लागू होणारं तेवढंच लिहिलं: मुलीची इयत्ता दहावीची बोर्ड परीक्षा, तिची प्रकृती व अभ्यास यांसाठी घरी थांबणे आवश्यक. संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या पलंगावरून म्हणाल्या, "आणि माझ्यासाठी सरकारात काही नाही होय गं?" मी हसले, त्याही हसल्या, पण त्या नंतर बराच वेळ खिडकीकडे बघत होत्या.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्याच. मी घेतला होता म्हणून पुढची चार वाक्यं मला लिहिता येतायत. १० ते १७ जानेवारी अर्ज हलला नाही, मधे संक्रांतही आली. १७ तारखेला विचारलं तर "तुमचा अर्ज आलाच नाही." शिक्का दाखवला. अर्ज दुसऱ्या कोणाच्या वेतननिश्चितीच्या फाइलीत सापडला.

२० तारखेला त्रुटी निघाली. दोनच हयात अपत्ये असल्याचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही आणि परीक्षेला बसल्याचा पुरावा नाही. पहिली त्रुटी रास्त होती, माझीच चूक. दोन्ही मुलांचे जन्मदाखले आणि साध्या कागदावर माझं स्वतःचं प्रमाणपत्र दिलं. दुसरीचं उत्तर योगायोगाने त्याच दिवशी आलं, बोर्डाची प्रवेशपत्रं ऑनलाइन उपलब्ध झाली. शाळेतून शिक्का मारून घ्यायला एक दिवस गेला. २२ ला पुन्हा सादर.

२४ ला फाइल साहेबांकडून परत आली. टिप्पणीवर हिरव्या शाईत दोनच शब्द: "चर्चा करावी." सरकारी नोकरीत असलेल्यांना या दोन शब्दांचं वजन सांगायला नको. नाही म्हणायचंय पण लिहून द्यायचं नाही, असाही त्याचा अर्थ होतो. खरोखर चर्चा करायची आहे, असाही होतो. चार दिवस मी पहिल्या अर्थावर झोपले, म्हणजे झोपलेच नाही.

२८ तारखेला साहेबांसमोर बसले. ते म्हणाले, मार्चमध्ये देयकं कोण करणार, बीडीएसवर (निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) तरतूद कोण बघणार, शिवाय दहावीच्या मुलीला आई लागते की चांगला क्लास? मला बोलता येईना. डोळ्यांत पाणी येईल अशी भीती होती, आणि ते मला कार्यालयात मुळीच नको होतं. म्हणून मी आदल्या रात्री लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यावर तीन गोष्टी होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडची प्रलंबित देयकं कोषागारात सादर करीन. खर्चाचा ताळमेळ आणि निधी समर्पणाचं (न वापरलेला निधी परत करण्याचं) विवरणपत्र तयार करून ठेवीन. १८ मार्चला सकाळी हजर होईन आणि ३१ पर्यंत एकही दिवस मागणार नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "३ मार्चला नाही का येता येणार?" मी प्रवेशपत्र दाखवलं. ५ मार्चला बीजगणित होतं. फाटलेल्या पानाचं मात्र मी सांगितलं नाही. ते माझ्या मुलीचं होतं.

नियमच बघायचा तर कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे आमच्या रजा नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे साहेबांनी कामाचं कारण लिहून नाकारली असती तरी फारसं काही करता आलं नसतं. म्हणून सांगते, अर्ज जितका नियमात बसवाल तितकाच तुमच्या मागे काम कसं होईल याचाही कागद करा. माझी रजा शासन निर्णयाने जितकी मंजूर झाली तितकीच त्या कागदाने.

३१ जानेवारीला आदेश निघाला. ३६ दिवस.

आता एक गोष्ट जी अशा अनुभवांत सहसा लिहिली जात नाही. माझ्या जागी कोणी आलं नाही. माझं टेबल शेजारच्या ताईंकडे गेलं, त्यांच्या स्वतःच्या टेबलासकट. त्यांची मुलं मोठी झालीत, एक पुण्यात नोकरीला आहे. आदेश बघून त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. दोन्ही पोरांच्या दहाव्या मी याच खुर्चीत काढल्या." मी काही बोलले नाही. काय बोलणार? त्यांचं काही चुकत नव्हतं. रजा सरकारने दिली, भार ताईंनी उचलला. ७ फेब्रुवारीपर्यंत मी रोज शेवटच्या गाडीने आले. प्रभार यादीत चौदा फाइली होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली: कुठपर्यंत आलंय, पुढचं काम काय, कोणाला फोन करायचा. शेवटच्या दिवशी ताईंसाठी घरून गुळाच्या पोळ्या नेल्या. त्यांनी डबा घेतला, उघडला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. गजर न लावता पावणेपाचला जाग आली. उठून चपात्या केल्या. कोणासाठी, ते मलाच कळेना. मग फळ्यांवरचे डबे उतरवले, घासले. दुपारी माळा काढला. मंगळवारी कपाटं, बुधवारी मुलीचं अभ्यासाचं टेबल. पुस्तकं विषयवार लावली, वेळापत्रक रंगीत पेनांनी करून भिंतीला चिकटवलं. ती क्लासवरून आली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू रजेवर आलीयस की तपासणीला?"

लागलं. पण खरंच होतं. लेखा शाखेतली बाई घरी आली होती, आई नव्हे.

त्यात फोन. पहिल्या दिवशी कार्यालयातून अकरा फोन आले. सेवार्थचा (पगाराच्या प्रणालीचा) पासवर्ड, कुठल्याशा प्रमाणकाचा (व्हाउचरचा) क्रमांक, "तुमच्या कपाटाची दुसरी किल्ली कुठाय". तिसऱ्या दिवशी मी ताईंनाच फोन करून सांगितलं की दुपारी चार ते साडेचार मी फोनजवळ असते, सगळं एकदम विचारा, हवं तर मीच लावीन. ताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, मलाही दर वेळी विचारायला कसंतरी होतं." त्यानंतर फोन तेवढ्याच वेळात. फोन पूर्ण बंद ठेवा असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलेलं नसावं.

दुसऱ्या आठवड्यापासून मी काहीच करायचं नाही असं ठरवलं, आणि ते सर्वांत अवघड गेलं. मुलगी अभ्यासाला बसली की मी त्याच खोलीत खाली बसून लसूण सोलायचे, गहू निवडायचे. काही विचारायचं नाही. पहिले दोन दिवस तिला अवघडल्यासारखं झालं. मग हळूहळू ती स्वतःशी मोठ्याने बोलायला लागली, उदाहरण सोडवताना पायऱ्या म्हणायला लागली. एकदा अडली, हात थांबला. मला उठून बघावंसं वाटलं. माझ्या हातात लसणाची पाकळी होती, तीच धरून बसले. तिने खोडलं नाही. शेजारी नवी ओळ सुरू केली. एवढंच झालं.

रात्री दहाला दिवा बंद. सकाळी तिला साडेसहापर्यंत झोपू द्यायचं. संध्याकाळी तिने आजीला वॉकर धरून गच्चीच्या दारापर्यंत वीस फेऱ्या मारायला लावायच्या, हे काम मी तिच्याकडे दिलं. परीक्षेच्या तोंडावर कशाला, असं ह्यांना वाटलं. पण दोघींना ते मानवलं. सासूबाई तिला इतिहासाचे प्रश्न विचारायच्या, उत्तर बरोबर की चूक हे त्यांना अर्थातच माहीत नसायचं. ठसक्यात "बरोबर" म्हणायच्या.

धाकट्याचं मात्र जरा दुर्लक्षच झालं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्याला मावळा व्हायचं होतं, फेटा आणायचा राहून गेला. माझी जुनी ओढणी बांधून गेला. फोटोत हसतोय, पण मला आठवतंय.

२१ ला मराठीचा पेपर. केंद्र घरापासून चार किलोमीटरवर, साडेदहाला आत. मी बाहेर उभी राहणाऱ्यांतली नाही, पण पहिल्या दिवशी उभी राहिले. ५ मार्चला, बीजगणिताला, तिनेच सांगितलं, "तू थांबू नकोस, मला सारखं वाटत राहील." घरी आले. अकरा ते एक, वर दहा मिनिटं जादा. त्या सव्वादोन तासांत मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. स्वयंपाक झालेला होता एवढं खरं. ती आली, पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाली, "शेवटचं सोडलं. बाकी झालं." मी विचारलं, हात? तर म्हणाली, "थरथरला. मग पाणी प्यायले."

कारखान्याचा पट्टा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पडला, त्या वर्षी ऊस लवकर संपला. हे घरी आले आणि दोन दिवस नुसते झोपले. १३ ला होळी, पोळ्या केल्या, सासूबाईंनी खुर्चीवर बसून पुरण वाटलं. १५ आणि १७ ला सामाजिक शास्त्रं. १७ च्या रात्री मी परत चार डबे काढून ओट्यावर मांडले.

१८ मार्चला हजर अहवाल दिला. टेबलावर ढीग होता, अपेक्षेपेक्षा कमी. मी चिठ्ठ्या लावलेल्या चौदांपैकी नऊ फाइली ताईंनी निकालात काढल्या होत्या आणि माझा गुळपोळ्यांचा डबा धुऊन खणात ठेवला होता, आत मूठभर शेंगदाणे. पुढचे तेरा दिवस कसे गेले ते लेखा शाखेत काम केलेल्यालाच कळेल. त्या वर्षी २९ ला शनिवार, ३० ला पाडवा, ३१ ला रमजान ईद. आमच्या शाखेत तिन्ही दिवस दिवे चालू होते. पाडव्याला सहाला गुढी उभारली आणि सातची गाडी धरली, उतरवली ह्यांनी.

पैशांबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांचा पगार पूर्ण आला. वाहतूक भत्ता जाईल असं वाटलं होतं. तो पूर्ण कॅलेंडर महिना गैरहजर असलं तर जातो, माझा कुठलाच महिना सबंध बुडला नव्हता. रजेच्या तारखा ठरवताना हे बघा. आणि रजेच्या मधले शनिवार, रविवार, सुट्ट्या सगळ्या रजेतच मोजल्या जातात, त्यामुळे ३६ दिवस म्हणजे प्रत्यक्षात कामाचे दिवस बरेच कमी.

सगळ्यांत शेवटी सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक. पगार आला म्हणजे संपलं असं समजू नका. नोंद झालीय का विचारायला मी एप्रिलपासून जात होते, "करतो, बदल्यांचं चाललंय" असं उत्तर मिळायचं. ९ जूनला सेवापुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन उघडलं, तर छत्तीस दिवस अर्जित रजेच्या लेख्यातून वजा केलेले. पेनाने, सहीनिशी. आस्थापनेच्या मॅडमनी कपाळावर हात मारला. लाल शाईने ती ओळ छेदली, बाजूला सही, आणि मागच्या पानावर नवा तक्ता आखून लिहिलं: बालसंगोपन रजा, एकूण १८०, उपभोगलेली ३६, शिल्लक १४४. मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. मॅडम फोटो काढू देतात की नाही ते तुमच्या त्यांच्याशी असलेल्या संबंधांवर आहे, पण निदान डोळ्यांनी बघा.

निकाल १३ मेलाच लागला होता. मार्क इथे लिहायचे नाहीत अशी तिची अट आहे.

तो फोटो मी घरी जेवताना दाखवला. धाकट्याने आकडा वाचला, जरा वेळ बोटं मोजली आणि म्हणाला, "दोघांत वाटले तर माझे बहात्तर."

"मला अजून बारावी आहे," थोरली म्हणाली. "आणि तुझी चौथी झाली ना आता, तुला कशाला?"

"फेट्याला," तो म्हणाला.